परदेशी जाणारा मुखदुर्बळ विद्यार्थी

प्रतिवर्षी निकालाचे दिवस आले म्हणजे शाळेच्या कचेरीबाहेरील बाकावर पालकांची रीघ लागते. पूर्वी हे पालक "मुलास कोणत्या कॉलेजात घालावे?" एवढेच विचारीत. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "सर, पुढेमागे परदेशी पाठवावे म्हणतो. इटली कसे?" आमच्या हाटकेशसारख्या वस्तीत, जेथे घराचे हप्ते आणि लोकलचा पास ह्यांतच मिळकतीचा मोठा हिस्सा खर्ची पडतो, तेथे हा प्रश्न ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. परंतु त्यास कारण आहे. इटलीतील सरकारी विद्यापीठांची फी बहुधा कुटुंबाच्या मिळकतीच्या मानाने ठरते. तेथील प्रांतांकडून गरजू विद्यार्थ्यांस ज्या शिष्यवृत्त्या मिळतात, त्या परदेशी विद्यार्थ्यांसही मिळू शकतात. शिवाय इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रमही आता तेथे पुष्कळ आहेत. तेव्हा बेताच्या स्थितीतील बापाची दृष्टी त्या देशाकडे वळावी, ह्यात वावगे काही नाही.

हे पालक फीविषयी विचारतात, थंडीविषयी विचारतात, शाकाहारी जेवण मिळेल काय हेही विचारतात. ह्या सर्व चौकश्या योग्यच आहेत. तथापि जो प्रश्न सर्वांच्या आधी विचारावयास हवा, तो आजपावेतो मला एकाही पालकाने विचारलेला नाही. तो प्रश्न असा की, आमचा मुलगा किंवा आमची मुलगी तेथे परक्या माणसांपुढे उभी राहून तोंड उघडील काय? ह्या प्रश्नाचे महत्त्व मला स्वतःलाही अलीकडेच कळले, आणि ते कळविणारा आमचाच एक विद्यार्थी होता.

हा मुलगा आमच्या शाळेतून शालान्त परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. त्याचे वडील येथील औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यावर लेथ चालवितात. मुलाने मुंबईस इंजिनियरिंगची पदवी घेतली, शिष्यवृत्ती मिळविली, आणि तो उत्तर इटलीतील एका विद्यापीठात पुढील अभ्यासासाठी गेला. सुट्टीत घरी आला असता तो आवर्जून शाळेत भेटावयास आला. मधल्या सुट्टीच्या गलबल्यात आम्ही दोघे प्रयोगशाळेत बसलो, आणि त्याने आपली हकीकत सांगितली.

पहिले काही आठवडे कागदपत्रांतच गेले. त्या देशात उतरल्यापासून कामाच्या आठ दिवसांच्या आत वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि हा अर्ज पोस्टाच्या कचेरीत द्यावयाचा असतो. करखात्याकडून मिळणारा एक सांकेतिक क्रमांक हाती असल्यावाचून खोलीचा करारही नीट होत नाही. पुढे हिवाळा आला. पो नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात असे धुके पडते की समोरचा रस्ता दिसत नाही. डाळभात शिजविणे तो तेथेच शिकला. ह्यांपैकी कशाचाही त्याने फारसा बाऊ केला नाही. "ते सगळे चार-सहा महिन्यांत अंगवळणी पडते, सर," तो म्हणाला. "माझे अडले ते परीक्षेत."

मला नवल वाटले. कारण परीक्षा हा तर त्याचा हातखंडा विषय! तेव्हा त्याने तेथील परीक्षेची रीत समजावून सांगितली. ती आमच्या वाचकांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे. इटलीतील विद्यापीठांत पुष्कळशा विषयांची परीक्षा तोंडी असते, किंवा लेखी परीक्षेनंतर तोंडी परीक्षा होते. गुण तिसांपैकी दिले जातात. अठरा मिळाले म्हणजे उत्तीर्ण. असामान्य उत्तरास तिसांपैकी तीस देऊन वर प्रशंसेचा शेराही देतात. ही तोंडी परीक्षा बंद दाराआड होत नाही. ज्यांची पाळी यावयाची आहे, ते विद्यार्थी मागील बाकांवर बसून ऐकत असतात. आणखी एक गोष्ट ऐकून आमच्याकडील मुलांस गंमत वाटेल. मिळालेले गुण विद्यार्थ्यास पसंत नसतील, तर बहुतेक ठिकाणी त्यास ते नाकारता येतात आणि पुढल्या खेपेस पुन्हा परीक्षेस बसता येते. ह्याच्या शेजारी बसणाऱ्या एका इटालियन मुलाने चोवीस गुण "नकोत" म्हणून परत केले आणि तो हसत हसत बाहेर पडला!

ही चाल तेथे आजकालची नव्हे. बोलोन्याचे विद्यापीठ १०८८ साली स्थापन झाले असे परंपरेने मानतात, आणि पादुव्याचे १२२२ साली. त्या काळापासून विद्वानांसमोर उभे राहून आपले म्हणणे तोंडाने सिद्ध करणे हीच तेथील विद्येची कसोटी होती. आमच्या विद्यार्थिनींनी लक्षात ठेवावे की, एलेना कोर्नारो पिस्कोपिया ह्या विदुषीने १६७८ साली पादुव्याच्या कॅथीड्रलमध्ये मोठ्या जनसमुदायासमोर अशीच तोंडी परीक्षा देऊन तत्त्वज्ञानातील डॉक्टरची पदवी मिळविली. अशी विद्यापीठाची पदवी मिळविणारी पहिली स्त्री म्हणून जग तिला ओळखते.

आता आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट. त्याची पाळी आली. परीक्षकांनी विचारले, "दोन्ही टोकांस टेकविलेला दांडा मधोमध भार दिला असता किती वाकेल?" त्याने क्षणार्धात फळ्यावर सूत्र लिहिले. परीक्षक म्हणाले, "छान. आता खडू खाली ठेवा. दांड्याची लांबी दुप्पट केली तर काय होईल, आणि तसे का होते, हे मला तुमच्या शब्दांत सांगा." वाकणे आठपट होईल, हे त्यास ठाऊक होते. सूत्रात लांबीचा घन आहे, हेही त्यास दिसत होते. परीक्षा इंग्रजीतून होती आणि इंग्रजी त्यास चांगले येत होते. परंतु "तुमच्या शब्दांत" हे ऐकताच त्याची जीभ टाळ्यास चिकटली. मागील बाकांवरील डोळे पाठीत रुतल्यासारखे वाटू लागले. दोन मिनिटे तशीच गेली. परीक्षकांनी सौम्यपणे सांगितले, "पुढल्या खेपेस या."

त्या रात्री त्याने घरी फोन केला. तिकडे दहा वाजले होते, इकडे मध्यरात्र उलटून अडीच. आजवर नापास हा शब्द त्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता; तो त्याने कसाबसा उच्चारला. वडील रागावले नाहीत, आणि पोकळ धीरही त्यांनी दिला नाही. त्यांनी विचारले, "प्रश्न काय होता?" मुलाने सांगितला. त्यावर बापलेकांत जो संवाद झाला, तो त्याने मला जसा सांगितला तसाच येथे देतो.

"अरे, सुट्टीत तू माझ्याबरोबर गाळ्यावर यायचास. लांब सळई लेथला लावली की थरथरायची. तू विचारायचास, बाबा, आखूड सळई गप्प असते, लांबच का थरथरते? तेव्हा मी काय सांगायचो?"

"तुम्ही म्हणायचात, दोन्ही टोकं पकडलेली आहेत, पण मधे तिला कुणाचा आधार नाही. म्हणून हत्यार लागलं की ती मधे मागे सरते, आणि मधलाच भाग जाड राहतो. तिथे स्टेडी लावावी लागते."

"मग तेच सांग की त्या सरांना! मी काय खोटं शिकवलंय का तुला?"

त्यानंतर अर्धा तास मुलगा बापास मराठीतून दांड्याचे वाकणे समजावीत होता, आणि बाप मधून मधून "पण असं का?" म्हणून अडवीत होता. पुढल्या खेपेस मुलगा परीक्षकांसमोर गेला आणि त्याने लेथवरील सळईपासूनच सुरुवात केली. त्यास तिसांपैकी सव्वीस गुण मिळाले. ते त्याने परत केले नाहीत.

ही हकीकत ऐकत असता मला अडीचशे वर्षांपूर्वीचे असेच एक बापलेक आठवले. तेही आमच्याच कोकणपट्टीचे. गोव्याच्या बारदेश प्रांतातील कांदोळी गावी १७५६ साली जुझे कुस्तोदियो फारिया ह्याचा जन्म झाला. पुढे हाच आबे फारिया ह्या नावाने प्रसिद्धीस आला. त्याचे आईवडील परस्परसंमतीने विभक्त झाले. आईने जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात प्रवेश केला आणि वडील कायतान व्हितोरिनो हे धर्मगुरू झाले. १७७१ साली, मुलगा अवघ्या पंधरा वर्षांचा असता, हे बापलेक गलबतात बसून लिस्बनास गेले आणि पुढल्या वर्षी रोमला पोहोचले. त्या काळी एतद्देशीय धर्मगुरूंस गोव्यात वरच्या पदांची दारे बहुधा बंद असत. ह्याच कारणास्तव त्यांच्याही शंभराहून अधिक वर्षे आधी दिवाड बेटाचा मातेउश द कास्त्रू रोमला गेला होता, आणि तेथे १६३० साली धर्मगुरू व १६३७ साली बिशप झाला होता. तेव्हा घरी अडलेल्या माणसाने इटलीची वाट धरणे ही गोष्ट आमच्याकडे नवी नाही.

रोममध्ये प्रोपागांडा फीदे ह्या संस्थेच्या महाविद्यालयात तरुण फारियाचे शिक्षण झाले. योगायोग असा की, ह्याच संस्थेच्या छापखान्याने १७७१ साली देवनागरी लिपीची माहिती देणारे एक पुस्तक देवनागरी खिळ्यांनिशी छापले होते. म्हणजे हा कोकणी मुलगा रोममध्ये पाऊल टाकतो न टाकतो, तोच आमची अक्षरेही शिशात ओतली जाऊन तेथे सिद्ध झाली होती! १७८० साली तो धर्मगुरू झाला, आणि ईश्वरविज्ञानात त्याने डॉक्टरची पदवी मिळविली.

पुढे लिस्बनास परतल्यावरचा जो प्रसंग सांगतात, तो गोव्यात मुलाबाळांच्या तोंडी आहे. ती आख्यायिका आहे हे मान्य करूनच मी ती सांगतो. पोर्तुगालच्या राणीच्या प्रार्थनामंदिरात त्यास प्रवचन करण्यास उभे केले. समोर राणी, सरदार, मोठमोठे धर्माधिकारी. त्यांस पाहताच रोमचा हा पंडित गडबडला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा व्यासपीठापाशी बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत म्हटले, "ही सगळी भाजी रे, कातर रे भाजी!" समोर बसलेत ते भाजीपाल्यासारखे समज आणि चिरीत सूट, असा त्याचा भावार्थ. ते शब्द कानी पडताच मुलाची वाचा मोकळी झाली आणि प्रवचन अस्खलित पार पडले.

हा फारिया पुढे पॅरिसला गेला. माणसास शब्दाने निद्रावस्थेत नेण्याच्या विद्येचा त्याने अभ्यास केला, आणि १८१९ साली, आपल्या मृत्यूच्याच वर्षी, त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मेस्मर व त्याचे अनुयायी म्हणत की, प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो व त्याने निद्रा येते. फारियाने हे साफ नाकारले. कारण त्या निजणाऱ्याच्याच ठायी असते, प्रयोग करणारा केवळ त्यास जागे करणारा शब्द उच्चारतो, असे त्याचे प्रतिपादन होते. त्या काळी पॅरिसने त्याची थट्टा केली, परंतु पुढल्या शास्त्रज्ञांनी त्याचाच पक्ष उचलून धरला. पणजीस १९४५ साली उभारलेला त्याचा पुतळा आमच्यापैकी कित्येकांनी पाहिलाही असेल. अलेक्झांडर ड्यूमा ह्याने आपल्या प्रसिद्ध कादंबरीतील कैदी धर्मगुरूस त्याचेच नाव दिले, मात्र त्यास इटालियन करून टाकले!

ह्या दोन गोष्टींवरून माझे जे मत बनले आहे, ते आता स्पष्टपणे मांडतो. परदेशी जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याची खरी उणीव पैशाची नव्हे आणि इंग्रजीचीही नव्हे. त्याने आपला विचार कोणत्याही भाषेत मोठ्याने बोलून पाहिलेला नसतो, ही त्याची उणीव आहे. फारियास लॅटिन येत होती, आमच्या विद्यार्थ्यास इंग्रजी येत होती. तरी ऐन वेळी दोघांचीही जीभ सुटली ती घरच्या बोलीने. ज्या भाषेत मुलाने पहिला "का?" विचारला, त्याच भाषेत त्याचे धैर्य साठविलेले असते. म्हणून जे पालक मुलास पुढे परदेशी धाडावयाचे म्हणून घरातून मराठी किंवा कोकणी हद्दपार करतात आणि दोघेही अडखळत्या इंग्रजीत जेवणाच्या गोष्टी बोलतात, ते प्रवासास निघणाऱ्या मुलाची शिदोरी स्वतःच्या हातांनी काढून घेतात, असे मला नम्रपणे सांगावयाचे आहे. आमच्या वर्गांत गुजराती, हिंदी, कानडी घरांतील मुलेही आहेत. त्यांस त्यांची भाषा, तत्त्व एकच.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, तोंडी परीक्षेत लाजाळू मुलावर अन्याय होतो आणि परीक्षकाच्या मर्जीस वाव राहतो. हा आक्षेप खरा आहे. आमच्या लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर केवळ क्रमांक असतो, मुलाचे नाव, जात, धर्म, कपडे परीक्षकास दिसत नाहीत. गरिबाच्या मुलास हे मोठे संरक्षण आहे आणि ते काढून घ्यावे असे मी म्हणत नाही. लेखी परीक्षा राहो, परंतु तिच्या जोडीस बोलण्याची सवय हवी. दुसरा आक्षेप असा की, ह्यासाठी संभाषणाचे खासगी वर्ग निघालेच आहेत, तेथे घालावे. परंतु असे वर्ग बहुधा सफाईदार वाक्ये शिकवितात. विचार शिकविण्याचे काम त्यांचे नव्हे, ते घराचे आणि शाळेचे आहे.

शाळेचे म्हटल्यावर मला एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. त्या दिवशी निघताना तो विद्यार्थी प्रयोगशाळेतील कपाटाकडे पाहून हसला आणि म्हणाला, "सर, आठवते? नववीत मी लंबकाबद्दल विचारले होते. गोळा जड केला तरी आंदोलनाचा वेळ तोच का राहतो? तुम्ही म्हणालात, ते परीक्षेत येत नाही, खाली बस." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो गमतीनेच सांगत होता. मला मात्र ती गंमत वाटली नाही. लंबकाची आंदोलने इटलीतच गॅलिलिओने चारशेहून अधिक वर्षांपूर्वी अभ्यासिली होती, आणि त्याच कोड्याशी स्वतःहून येऊन पोहोचलेल्या मुलास मी खाली बसविले होते. तो पुढे नववीत आणि दहावीत कधी उभा राहिलाच नाही. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात "वर्तणूक उत्तम" असा शेरा लिहिला. त्या शेऱ्याची किंमत त्याने परक्या देशात, परक्या माणसांसमोर दोन मिनिटे मुका राहून चुकती केली.

पवित्र शास्त्रात मोशेची कथा आहे. तो जड जिभेचा होता आणि म्हणून आपले कार्य टाळू पाहत होता. देवाने त्यास त्याबद्दल झिडकारून घरी पाठविले नाही. बोलण्यास साहाय्य म्हणून त्याचाच भाऊ अहरोन त्याच्या सोबतीस दिला. मुखदुर्बळ मुलास शिक्षा नको, सोबत हवी, असा बोध मी त्यातून घेतो. आम्हां शिक्षकांचे काम अहरोनाचे आहे, आणि त्या बापाचेही होते.

तेव्हा करावे काय? मी माझ्यापुरते ठरविले आहे. ह्या वर्षापासून माझ्या प्रत्येक वर्गात आठवड्यातून एक तास असा राहील की, त्यात एक विद्यार्थी फळ्यापाशी येऊन शिकलेली एखादी गोष्ट आपल्या शब्दांत, आपल्या भाषेत समजावून देईल, आणि बाकीचे त्यास "का?" असे विचारतील. चुकलेल्यास हसावयाचे नाही, आणि ज्यास आपले सांगणे समाधानकारक वाटले नाही, त्याने पुढल्या आठवड्यात पुन्हा यावे. हा शेवटचा नियम मी त्या गुण परत करणाऱ्या इटालियन मुलाकडून उसना घेतला आहे. पालकांस माझी विनंती एवढीच आहे की, रात्री जेवताना "आज किती गुण मिळाले?" ह्याऐवजी "आज सरांना काय विचारलेस?" असे विचारून पाहावे. ह्यास पैसा पडत नाही. लेथ चालविणाऱ्या बापास जे साधले, ते कोणत्याही आईबापांस साधेल.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही इटलीस जा, नाहीतर भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईस जा. चार माणसांपुढे उभे राहण्याचा प्रसंग तुम्हांस चुकणार नाही. त्या वेळी शब्द सुचला नाही तर घाबरू नका. आपल्या घरी, आपल्या बोलीत ती गोष्ट कशी सांगितली असती, ते क्षणभर आठवा आणि तेथून सुरुवात करा. आणि माझ्या तासास "का?" विचारावेसे वाटले तर निःशंक उभे राहा. मी तुम्हांस खाली बसविणार नाही.